'तू मनुष्य आहेस काय?' : विनयपिटकातील प्रच्छन्न नाग

काही महिन्यांपूर्वी उपसंपदेचा विधी प्रथमच पाहून आलेल्या एका वृद्ध उपासिकेने मला थांबवून विचारले, "सर, त्या पोराला भिक्खूंनी विचारलं म्हणे, तू माणूस आहेस का? समोर माणूस नाही तर दुसरं काय उभं होतं?" विधीतील पालि प्रश्नांचा अर्थ शेजारी बसलेल्या कोणीतरी त्यांना सांगितला होता. मी त्यांना महावग्गातील नागाची कथा थोडक्यात सांगितली. त्या शांतपणे ऐकत होत्या. कथा संपल्यावर त्यांनी जो दुसरा प्रश्न केला, तो पहिल्यापेक्षा कठीण होता. "पण नाग म्हणजे तर आपलेच पूर्वज. मग भगवंतांनी त्याला परत का पाठवलं?"

त्या वेळी मी दिलेले उत्तर माझे मलाच समाधानकारक वाटले नाही. प्रस्तुत लेख हा त्या उत्तराचा दुसरा प्रयत्न आहे.

उपसंपदेच्या वेळी उमेदवाराला विचारावयाचे अंतरायविषयक प्रश्न महावग्गाच्या पहिल्या खंधकात आले आहेत. कुष्ठ, गंड, किलास, शोष आणि अपस्मार या पाच व्याधींविषयी प्रथम विचारले जाते. त्यानंतर येतो तो हा प्रश्न : तू मनुष्य आहेस काय? मग पुरुष आहेस काय, दास नाहीस ना, ऋणमुक्त आहेस ना, राजसेवेत नाहीस ना, मातापित्यांची अनुमती आहे ना, वीस वर्षे पूर्ण झाली आहेत ना, पात्र व चीवर सिद्ध आहेत ना, आणि शेवटी स्वतःचे व उपाध्यायाचे नाव. यातील बहुतेक प्रश्नांचे प्रयोजन सहज कळते. पळून आलेला दास, बुडवा ऋणको किंवा राजाचा सैनिक यांना आश्रय दिला, तर त्यांच्यावर हक्क सांगणारा कोणीतरी विहाराच्या दारात येऊन उभा राहणार. मनुष्यत्वाच्या प्रश्नाचे प्रयोजन मात्र त्याच खंधकात पूर्वी आलेली कथा वाचल्याशिवाय कळत नाही.

एका नागाला आपल्या नागजन्माची लाज वाटू लागली, किळस वाटू लागली. या योनीतून सुटून लवकर मनुष्यत्व कसे मिळेल, याचा तो विचार करू लागला. शाक्यपुत्रीय श्रमण हे धम्माने वागणारे, सत्यवादी आणि शीलवान आहेत. त्यांच्यात प्रव्रजित झालो, तर माझी इच्छा पूर्ण होईल, असे त्याला वाटले. त्याने तरुण माणवकाचे रूप घेतले आणि भिक्खूंकडे जाऊन प्रव्रज्या मागितली. भिक्खूंनी त्याला प्रव्रज्या दिली, उपसंपदाही दिली. वस्तीच्या कडेच्या एका विहारात दुसऱ्या एका भिक्खूबरोबर तो राहू लागला. एके दिवशी तो सहनिवासी भिक्खू पहाटे उठून उघड्यावर चंक्रमण करू लागला. आता आपण एकटेच आहोत, या भरवशाने नागाला झोप लागली. सारा विहार सर्पदेहाने भरून गेला आणि वेटोळी खिडक्यांतून बाहेर आली. परत आलेल्या भिक्खूने दार उघडले आणि तो भयाने ओरडला. आरडाओरड्याने इतर भिक्खू धावत आले. नागही जागा झाला आणि पुन्हा मनुष्यरूपाने आपल्या आसनावर बसला.

येथे मूळ पालि पाठातील एक गोष्ट अनुवादात सहसा हरवते. भिक्खू त्याला तो कोण आहे असे विचारतात, तेव्हा 'आवुसो' असेच संबोधतात. नुकताच त्यांनी जो देह पाहिला, त्यानंतरही बरोबरीच्या सहकाऱ्याला लावावयाचे संबोधन सुटलेले नाही. तो 'भन्ते' म्हणून उत्तर देतो. विचारल्याबरोबर तो आपण नाग असल्याचे सांगून टाकतो आणि असे का केले, तेही सांगतो. त्याने रूप लपवले होते खरे, परंतु या संवादात तो असत्य बोलत नाही.

प्रकरण तथागतांपुढे जाते. ते संघ एकत्र करवितात आणि नागाला सांगतात की, या धम्मविनयात नागांची वृद्धी होऊ शकत नाही. पक्षाच्या चतुर्दशीला, पौर्णिमा-अमावास्येला आणि अष्टमीला उपोसथ पाळ, म्हणजे नागयोनीतून सुटून लवकर मनुष्यत्व पावशील. हे ऐकून नाग दुःखी होतो, अश्रू ढाळीत, आक्रोश करीत निघून जातो. त्यानंतर नियम येतो : तिर्यग्योनीतील प्राण्याला उपसंपदा देऊ नये, दिली असल्यास त्याला संघातून काढावे.

रूप बदललेल्या अमानुष प्राण्यांच्या कथा जगभर आहेत. त्यांत बहुधा रूप बदलणारा फसवण्यासाठी, मोहात पाडण्यासाठी किंवा सूड घेण्यासाठी माणसांत येतो. आपल्या पालि वाङ्मयातही असे यक्ष आणि यक्षिणी पुष्कळ आहेत. या नागाला मात्र शील हवे होते आणि तेही माणसांच्या सहवासात. दुसरी नोंद घेण्यासारखी बाब म्हणजे तो कसा उघडा पडला. पाठातील शब्द 'विस्सट्ठ' असा आहे. विस्सट्ठ म्हणजे सैल, निर्धास्त. नाग आपल्या सजातीयाशी मैथुन करताना आणि निर्धास्त झोपल्यावर, अशा दोन प्रसंगी त्याचे मूळ रूप प्रकट होते, असे महावग्ग सांगतो. समन्तपासादिका या विनयाच्या अट्ठकथेत त्यांत जन्म, कात टाकणे आणि मृत्यू या तिन्हींची भर घालून पाच प्रसंग मोजले आहेत. मला यातील झोपेचा प्रसंग सर्वांत बोलका वाटतो. कोणतीही ओळख लपवून जगणाऱ्यास सावध असेपर्यंत भय नसते.

खंधकाच्या संपादकांनी ही कथा कोठे ठेवली आहे, हेही पाहण्याजोगे आहे. तिच्या लगेच आधी एका सुकुमार कुलपुत्राची हकीकत आहे. त्याचे कुटुंब खालावले होते आणि कष्टाची सवय नव्हती. भिक्खूंना चांगले भोजन मिळते हे पाहून त्याने स्वतःच मुंडन केले, स्वतःच काषाय वस्त्रे नेसली आणि तो सरळ आरामात येऊन भिक्खूंना वंदन करू लागला. किती वर्षावास झाले असे विचारले, तर वर्षावास मोजणे म्हणजे काय, हेच त्याला ठाऊक नाही. उपाध्याय कोण म्हणावे, तर उपाध्याय म्हणजे काय? हा वेषधारी जन्माने मनुष्य होता, पण उपसंपन्न नव्हता. नाग रीतसर उपसंपन्न होता, पण मनुष्य नव्हता. दोघेही संघाबाहेर गेले. हेतूचा विचार केला, तर कुलपुत्रापेक्षा नाग कितीतरी निर्मळ ठरतो, आणि तरीही नियम त्याच्या बाजूने झुकत नाही. हा कठोरपणा वाचकाला टोचतो, आणि तो टोचावा असेच मला वाटते.

आता उपासिकेच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथील भाषणात बाबासाहेब आंबेडकर यांनी दीक्षेसाठी ही भूमी निवडण्याचे कारण सांगताना, बौद्ध धम्माच्या प्रसारात नाग लोकांनी केलेल्या कार्याचा उल्लेख केला. तत्पूर्वी १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अस्पृश्यतेच्या उगमाविषयीच्या ग्रंथातही त्यांनी नागांचा विचार एक मानवसमूह म्हणून केला होता. अशा परंपरेत वाढलेल्या माणसाला महावग्गातील रडत जाणारा नाग पाहून प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. ही कथा म्हणजे आदिम नाग लोकांना संघात मज्जाव केल्याची दडवलेली आठवण आहे, असा तर्क कोणी केला, तर त्याची तपासणी झाली पाहिजे.

माझ्या मते हा तर्क टिकत नाही. नाग या नावाचे मानव इतिहासात निःसंशय होते. समुद्रगुप्ताच्या प्रयाग प्रशस्तीत गणपतिनाग आणि नागसेन या राजांची नावे आहेत. वाकाटकांच्या ताम्रपटांत भारशिवांचा भवनाग हा पहिल्या रुद्रसेनाचा मातामह म्हणून येतो. कान्हेरीच्या लेखात लेणे दान करणारी नागमूलनिका एका महारठीची पत्नी आहे. खुद्द भिक्खूसंघात नागसमाल आणि नागित हे तथागतांचे उपस्थाक होऊन गेले, आणि मिलिंद राजाशी वाद करणारे नागसेन तर सर्वांच्या परिचयाचे आहेत. नाग हे नाव धारण करणाऱ्याला संघात अडसर नव्हता, हे यावरून उघड होते.

त्याहून निर्णायक पुरावा समन्तपासादिकेत आहे. नियमातील 'तिरच्छानगत' या शब्दाची व्याप्ती सांगताना अट्ठकथाकार नाग आणि सुपर्ण यांवर थांबत नाहीत. जो जो मनुष्यजातीचा नाही तो तो, अगदी देवराज शक्रापर्यंत, या नियमापुरता तिर्यक् समजावा, असे ते म्हणतात. या वाक्याचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. देवांचा राजा माणवकाच्या रूपाने उपसंपदा मागू लागला, तर त्यालाही हाच नकार मिळेल. आणि त्याच संघात न्हावी उपालीला शाक्य राजपुत्रांच्या आधी प्रव्रज्या मिळते, ती त्या राजपुत्रांनीच स्वतःचा मान उतरावा म्हणून केलेल्या विनंतीवरून. उच्चनीचतेची रेषा असती, तर शक्र आत आणि उपाली बाहेर राहिला असता. येथे रेषा दुसरीकडे आहे. तथागतांनी वापरलेला 'विरूळ्हि' हा शब्द बीजाला मोड येण्याचा, वाढीचा आहे. त्यात शुद्धाशुद्धतेचा गंधही नाही. नागाच्या देहात हे बीज रुजणार नाही, म्हणून ते रुजेल असा देह मिळविण्याचा मार्ग त्याला दाखविला आहे.

हा मार्ग केवळ समजूत घालण्यापुरता नव्हता, हे जातकांवरून दिसते. चांपेय्य, शंखपाल आणि भूरिदत्त या जातकांत स्वतः बोधिसत्त्वच नागराज आहेत. नागभवनातील ऐश्वर्य सोडून ते माणसांच्या जगात येतात आणि उपोसथ पाळतात. विशेष म्हणजे त्यासाठी ते मनुष्यरूप घेत नाहीत, सर्पदेहानेच पडून राहतात, आणि त्यामुळेच पकडले जातात. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात चांपेय्य आणि शंखपाल या दोन्ही जातकांची चित्रे आहेत.

रूपांतराचा आणखी एक प्रसंग याच महावग्गात, बोधिप्राप्तीनंतरच्या सप्ताहांत आहे. अवेळी आलेल्या पावसात मुचलिंद नागराजाने सात दिवस तथागतांच्या देहाभोवती वेटोळे घालून फणा धरला. आभाळ निवळल्यावर त्याने आपले रूप आवरले, माणवकाचे रूप घेतले आणि तो हात जोडून समोर उभा राहिला. उपसंपदा मागणाऱ्या नागानेही हेच माणवकाचे रूप घेतले होते. मुचलिंदाने ते तथागतांच्या डोळ्यांदेखत घेतले, एवढाच फरक.

धम्मपदाच्या अट्ठकथेतील एरकपत्त नागाची कथा तर महावग्गातील कथेची उलटी बाजू वाटते. काश्यप बुद्धाच्या काळी तो तरुण भिक्खू होता. नावेतून जाताना काठावरच्या एरक गवताचे पान त्याने हाती धरले आणि नाव पुढे गेल्याने ते तुटले. क्षुल्लक दोष म्हणून त्याने देशना केली नाही. मरणसमयी तेच पान गळ्याशी आल्यासारखे वाटले आणि तो नाग होऊन जन्मला. पुढे दीर्घ काळाने शाक्यमुनींची भेट झाली, तेव्हा तोही रडला. उपदेश ऐकून त्याला स्रोतापत्तिफल मिळाले असते, पण योनी आड आली. मात्र एक लाभ त्याला झाला : ज्या पाच प्रसंगी नागाला मूळ देहात परतावेच लागते, त्या प्रसंगीही माणवकरूपाने वावरण्याची मोकळीक त्याला मिळाली. भरहुतच्या शिल्पकाराने ही भेट कोरली आहे आणि वर नागराजाचे नावही दिले आहे. एकाच चौकटीत तो प्रथम सर्परूपाने आणि मग फणायुक्त मनुष्यरूपाने दिसतो, शेवटी बोधिवृक्षापुढे गुडघे टेकतो. शिल्पकाराला रूपांतर लपवून चालत नाही. त्याने देह माणसाचा केला आणि मस्तकामागे फणा ठेवला. अजिंठ्याच्या एकोणिसाव्या लेण्याबाहेर राणीसह बसलेला सात फणांचा नागराज याच पद्धतीचा आहे.

ब्रह्मदेश आणि थायलंड येथील परंपरेत उपसंपदेच्या उमेदवाराला 'नाग' म्हणण्याची रूढी आहे. परत जाताना नागाने निदान आपले नाव तरी संघात राहावे अशी याचना केली, अशी तिची लोककथा सांगतात. पालि विनयात ही याचना नाही. परंतु कर्मवाचेच्या पोथ्यांत उमेदवाराच्या नावाच्या जागी 'नाग' आणि उपाध्यायाच्या जागी 'तिस्स' ही नावे नमुन्यादाखल येतात, हे खरे.

यापुढचा पुरावा चिनी प्रवासी फा-हियान याचा आहे. इसवी सन ३९९ मध्ये निघालेला हा भिक्खू संकस्स येथे, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशातील संकिसा येथे आला होता. तेथील विहारात पांढऱ्या कानांचा एक नाग राहत असे. वेळेवर पाऊस पाडणारा आणि पीकपाणी राखणारा संघाचा दानपती म्हणून त्याला मान होता. भिक्खूंनी त्याच्यासाठी घर बांधले होते, आसन मांडले होते, आणि रोज तीन भिक्खू त्याच्या घरी जाऊन भोजन करीत. भिक्खू होण्याचा अधिकार नाकारलेल्या नागाला विहाराच्या आवारातच दात्याची जागा मिळालेली येथे दिसते. गावोगावच्या नागस्थानांना उखडून न टाकता संघाने त्यांच्याशी असाच संबंध जोडला असावा, असे माझे मत आहे.

फा-हियान पुढे सांगतो, की वर्षावास संपला की हा नाग पांढऱ्या कडांच्या कानांचा लहानसा साप होई. भिक्खू त्याला ओळखत. तांब्याच्या भांड्यात साय भरून ते त्याला आत ठेवीत, आणि सर्वांत ज्येष्ठ स्थविराच्या आसनापासून सर्वांत कनिष्ठ भिक्खूच्या आसनापर्यंत ते भांडे फिरवीत. तो प्रत्येकाला अभिवादन करीत आहे असे वाटे. सर्व आसने झाली की तो दिसेनासा होई, आणि पुढच्या वर्षी पुन्हा येई.

त्या उपासिकेला मी हे आता सांगणार आहे.