टेलिमार्केटिंगचे नकोसे फोन

ग्राहकाने मागितलेले नसताना किंवा त्याची संमती नसताना माल, कर्ज, विमा, जमीन, सहल अशा कशाच्याही विक्रीसाठी त्याच्या मोबाइलवर येणारे फोन आणि संदेश. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे ट्राय, त्यांना अनाहूत व्यावसायिक संपर्क म्हणते. बँकेचा ओटीपी, गॅस सिलिंडरच्या नोंदणीचा संदेश किंवा कुरियरवाल्याचा फोन यांत मोडत नाही, कारण ते ग्राहकानेच सुरू केलेल्या व्यवहाराचे असतात. या नोंदीत रत्नागिरी जिल्ह्याच्या संदर्भात या फोनांचे स्वरूप, त्यांविषयीचे नियम आणि तक्रारीचा मार्ग दिला आहे.

दूरसंचाराच्या नकाशावर रत्नागिरी ‘महाराष्ट्र व गोवा’ या परवाना क्षेत्रात येते, तर मुंबई हे वेगळे क्षेत्र आहे. हा भेद एके काळी खिशाला जाणवत असे. भारतात २००३ पर्यंत येणाऱ्या फोनलाही पैसे पडत, आणि रोमिंगमध्ये तर त्यानंतरही बरीच वर्षे पडत राहिले. मुंबईचे सिम घेऊन शिमग्याला किंवा गणपतीला गावी आलेल्या चाकरमान्याला क्रेडिट कार्ड विकणाऱ्याने फोन केला, की त्या जाहिरातीचा खर्च चाकरमान्याच्याच शिल्लक रकमेतून जाई. आता येणारा फोन फुकट झाला असला, तरी घेणाऱ्याचा वेळ मात्र जातोच.

‘अनोळखी नंबर उचलू नका’ हा सल्ला शहरात बऱ्यापैकी चालतो, पण रत्नागिरीत तो पुरत नाही. घरातली मुले मुंबई-पुण्याला, गावच्या घरात दोन वयस्क माणसे, आणि रेंज येते ती ओटीच्या एका कोपऱ्यात किंवा वर सड्यावर, अशी स्थिती जिल्ह्यातल्या अनेक वाड्यांवर आहे. मुलाच्या फोनची बॅटरी संपली की तो मित्राच्या फोनवरून बोलतो. जिल्हा रुग्णालयातून, तलाठी कार्यालयातून, गाडी घेऊन येणाऱ्या ट्रकवाल्याकडून किंवा आंब्याच्या नव्या गिऱ्हाइकाकडून येणारा फोन अनोळखी क्रमांकाचाच असतो. मार्च ते मे या हंगामात बागायतदाराने असा फोन सोडणे म्हणजे पेट्यांची मागणी सोडणे. त्यामुळे फोन उचलावाच लागतो, आणि पलीकडून हिंदीत वैयक्तिक कर्जाची विचारणा सुरू होते. या लोकांना फोन टाळण्याचा उपाय सांगणे अन्यायाचे आहे. नको असलेला फोन मुळात केलाच जाऊ नये, ही जबाबदारी करणाऱ्यावर आणि त्याला क्रमांक देणाऱ्या कंपनीवर असली पाहिजे. भारतातल्या नियमांचा गेल्या वीस वर्षांचा प्रवास हळूहळू याच दिशेने झाला आहे.

क्रमांक विक्रेत्यांपर्यंत पोचतात ते बहुतेक वेळा आपण भरलेल्या कागदांतून. प्रदर्शनातल्या लकी ड्रॉचे कूपन, कर्जाच्या हप्त्याचा हिशेब करून देणारे संकेतस्थळ, दुकानातले बिल, नोकरीच्या अर्जाची प्रत अशा ठिकाणी दिलेला क्रमांक यादीत जातो आणि यादी हातोहात विकली जाते. गाडीच्या विम्याची मुदत संपत आली की नेमका त्याच सुमारास फोन कसा येतो, असा प्रश्न अनेकांना पडतो. वाहननोंदणीची माहिती मोठ्या प्रमाणावर शुल्क घेऊन देण्याचे केंद्र सरकारचे धोरण २०१९ मध्ये आले होते. खासगीपणाच्या चिंतेमुळे ते २०२० मध्ये मागे घेण्यात आले. फोन उचलल्यावर पलीकडे काही क्षण नुसती शांतता असते, तेव्हा बहुधा यंत्राने एकाच वेळी अनेक क्रमांक फिरवलेले असतात आणि बोलणारा माणूस अजून मोकळा झालेला नसतो. असा फोन उचलल्याने आपला क्रमांक चालू असल्याची खूण मात्र यादीत होऊ शकते.

या प्रश्नाला कायदेशीर तोंड फुटले ते २००५ मध्ये, हर्ष पाठक यांनी सर्वोच्च न्यायालयात केलेल्या जनहित याचिकेने. त्यानंतर ट्रायने जून २००७ मध्ये पहिले विनियम काढले आणि ऑक्टोबरमध्ये राष्ट्रीय ‘डू नॉट कॉल’ नोंदवही सुरू झाली. ग्राहकाने १९०९ या क्रमांकावर आपले नाव त्यात घालायचे. ब्रिटनमध्ये अशी सोय १९९९ पासून आणि अमेरिकेत २००३ पासून होती. आपल्या नोंदवहीत नाव घातल्यावर ते लागू होण्यास ४५ दिवसांपर्यंत लागत आणि फोन थांबत नसत. मूळ दोष असा, की शांतता हवी असलेल्यानेच अर्ज करायचा होता. ज्याने अर्ज केला नाही त्याची संमती गृहीत धरली जात होती. लांज्याच्या किंवा मंडणगडच्या ज्या म्हाताऱ्या माणसाला ही नोंदणी करता येत नव्हती, त्याला या नोंदवहीचा काहीच उपयोग नव्हता.

२०१० मध्ये तत्कालीन अर्थमंत्री प्रणव मुखर्जी यांना बैठक चालू असतानाच गृहकर्ज विकणाऱ्याचा फोन आला आणि हा विषय दिल्लीत गाजला. त्याच वर्षी १ डिसेंबरला ट्रायने ग्राहकपसंतीचे नवे विनियम काढले. ते २७ सप्टेंबर २०११ पासून पूर्णपणे लागू झाले. त्यांनी टेलिमार्केटिंग कंपन्यांना १४० ने सुरू होणारे क्रमांक नेमून दिले, रात्री ९ ते सकाळी ९ या वेळेत विक्रीच्या फोनांना मनाई केली, आणि बँक-विमा, घरजमीन, शिक्षण, आरोग्य असे वर्ग पाडून हवा तो वर्ग चालू ठेवण्याची मुभा ग्राहकाला दिली. ट्रायने १९ जुलै २०१८ ला काढलेल्या विनियमांनी पुढची पायरी गाठली. व्यावसायिक संदेश पाठवणाऱ्याने डीएलटी या सामायिक संगणकीय नोंदवहीत स्वतःची, संदेशावर दिसणाऱ्या नावाची आणि मजकुराच्या साच्याचीही नोंदणी करणे बंधनकारक झाले. संदेशांच्या बाबतीत या व्यवस्थेचा परिणाम दिसला. फोनच्या बाबतीत पळवाट राहिली, आणि ती म्हणजे तुमच्याआमच्यासारखा साधा दहा अंकी क्रमांक. नोंदणी न करता पाच-पन्नास सिमे घ्यायची, त्यांवरून फोन करायचे, एक बंद झाले की दुसरे घालायचे. आज त्रास देणारे बहुतेक फोन असेच येतात. २०२४ च्या पहिल्या सहा महिन्यांत नोंदणी नसलेल्या विक्रेत्यांविरुद्ध ७.९ लाखांहून अधिक तक्रारी आल्या. १३ ऑगस्ट २०२४ ला ट्रायने अशा विक्रेत्यांच्या सगळ्या जोडण्या तोडून त्यांना दोन वर्षांपर्यंत काळ्या यादीत टाकण्याचा आदेश दिला. सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत २.७५ लाख क्रमांक तोडले गेले आणि पन्नास संस्था काळ्या यादीत गेल्या.

सध्याच्या घडीला ग्राहकाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची तारीख १२ फेब्रुवारी २०२५. त्या दिवशीच्या दुरुस्तीने तक्रार करण्यासाठी आधी नोंदवहीत नाव असण्याची अट काढली. तक्रारीची मुदत तीन दिवसांवरून सात दिवस झाली, आणि नोंदणी नसलेल्या विक्रेत्यावर कारवाई करण्यासाठी कंपनीला असलेली ३० दिवसांची मुदत पाच दिवसांवर आली. पूर्वी एका क्रमांकाविरुद्ध सात दिवसांत दहा तक्रारी आल्या तरच कारवाई होई. आता दहा दिवसांत पाच पुरतात. पहिल्या वेळी त्या विक्रेत्याच्या सर्व जोडण्यांवरून जाणारे फोन १५ दिवस बंद होतात, पुन्हा घडल्यास सगळ्या जोडण्या एक वर्षासाठी तुटतात. नको असलेल्या संपर्कांची आकडेवारी चुकीची देणाऱ्या दूरसंचार कंपनीला पहिल्यांदा दोन लाख, दुसऱ्यांदा पाच लाख आणि त्यापुढे दर वेळी दहा लाख रुपये दंड आहे. ग्राहकाने एकदा नकार कळवला, की ९० दिवस त्याच्याकडे पुन्हा संमती मागता येत नाही.

पाच हा आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे. फोनमध्ये नंबर ब्लॉक केला की त्या माणसापुरता तो गप्प होतो, पण इतरांना त्याच सिमवरून फोन जातच राहतात. पुरेशा तक्रारी झाल्या की त्या सिमवरून जाणारे फोनच बंद होतात. एका वाडीतल्या पाच घरांना एकाच क्रमांकावरून फोन आला आणि पाचही घरांनी तक्रार केली, तर कारवाईची अट पूर्ण होते. आपल्या एकट्याच्या तक्रारीने काय होणार, हा विचार म्हणूनच खरा नाही. तक्रार करायची ती १९०९ वर फोन करून किंवा संदेश पाठवून, ट्रायच्या डीएनडी ॲपवरून किंवा आपल्या कंपनीच्या ॲपवरून. फोन करणाऱ्याचा क्रमांक, आपला क्रमांक, तारीख आणि काय विकत होता याची एक ओळ एवढे पुरते. वयस्कांच्या वतीने घरातल्या शिकत्या मुलाने त्यांच्याच फोनवरून हे करून द्यावे. सर्व वर्गांचे विक्रीचे फोन बंद करायचे असतील, तर १९०९ वर ‘स्टार्ट’ हा शब्द व पुढे शून्य असा इंग्रजी अक्षरांतला संदेश पाठवतात. त्याने बँकेचे व्यवहाराचे संदेश थांबत नाहीत. ती भीती बाळगून अनेक जण हे करायचे टाळतात, तसे करण्याचे कारण नाही.

क्रमांकाच्या सुरुवातीवरूनही बरेच कळते. विक्रीचा वैध फोन १४० ने सुरू होतो. बँका, विमा कंपन्या आदींच्या सेवाविषयक व व्यवहाराच्या फोनांसाठी १६०० ची मालिका ठेवली आहे, आणि रिझर्व्ह बँकेने १७ जानेवारी २०२५ च्या परिपत्रकाने बँकांना या दोन्ही मालिका वापरण्यास सांगितले आहे. त्यामुळे साध्या दहा अंकी क्रमांकावरून ‘बँकेतून बोलतोय’ असे कोणी म्हणाले, तर फोन ठेवून पासबुकावर छापलेल्या क्रमांकावर आपणच फोन करावा. व्हॉट्सॲपवरचे विक्रीचे संदेश मात्र ट्रायच्या या विनियमांच्या कक्षेबाहेर आहेत. तिथे ब्लॉक करून ॲपमध्येच तक्रार नोंदवणे एवढेच हाती उरते.

रत्नागिरीचे नाव घेऊनच राज्यभर केला जाणारा एक फोन आहे: ‘कोकणात समुद्राजवळ प्लॉट’. गुहागर, दापोली, गणपतीपुळे ही नावे त्यात हमखास असतात. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या आणि आठांहून अधिक भूखंडांच्या प्रकल्पाची महारेराकडे नोंदणी झाल्याशिवाय जाहिरात करता येत नाही, म्हणून पहिल्याच वाक्यात नोंदणी क्रमांक मागावा. जमीन बिनशेती झालेली नसेल, तर महाराष्ट्राच्या कूळकायद्याच्या कलम ६३ नुसार ती शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय घेता येत नाही. ‘नंतर एनए करून देऊ’ या शब्दावर इसार देऊ नये. सातबारा महाभूलेखवर घरबसल्या पाहता येतो.

नकोसा विक्रेता आणि ठग यांच्यात फरक आहे, तरी रस्ता एकच आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले. तिथून अमेरिकेच्या करखात्याचे अधिकारी असल्याची बतावणी करून तिथल्या नागरिकांना धमकावले जात होते. आता त्याच धर्तीचे फोन इथल्या माणसांना येतात: तुमच्या नावाचे पार्सल पकडले आहे, तुम्हाला ‘डिजिटल अटक’ झाली आहे. अशी अटक कायद्यात नाही. फसवणुकीचा संशय आला, पण पैसे गेलेले नसले, तर दूरसंचार विभागाच्या संचार साथी संकेतस्थळावरील ‘चक्षू’ या सोयीत कळवायचे. ती मार्च २०२४ पासून चालू आहे. पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० वर फोन करायचा. आपल्या नावावर कोणी भलतीच सिमे घेतली आहेत का, हेही संचार साथीवर पाहता येते.

जिल्ह्यातली एक अडचण नियम करणाऱ्यांच्या नजरेतून सुटलेली दिसते. इथला बागायतदार, घरगुती निवास-न्याहारी चालवणारी बाई, होडीची सफर घडवणारा मुलगा, हे सगळे आपल्या खासगी मोबाइलवरूनच गिऱ्हाईक जोडतात. दहा अंकी क्रमांकावरून प्रचाराचे फोन करण्यावरची बंदी विक्रेता लहान की मोठा हे पाहत नाही. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर या जिल्ह्यांतला आंबाच ते नाव लावू शकतो. पण ‘देवगड-रत्नागिरी’ म्हणून दुसरीकडचा आंबा फोनवरून खपवणारे हंगामात असतातच, आणि त्यांच्यामुळे खऱ्या बागायतदाराच्या फोनलाही लोक संशयाने पाहतात. ज्या गिऱ्हाइकाने स्वतः विचारले आहे त्याला उलट फोन करण्यात नियमभंग नाही. कुठून तरी मिळवलेल्या यादीवर सरसकट फोन करणे हा नियमभंग आहे, मग विकणारा स्वतःच्या कलमांचा आंबा विकत असला तरी. दरवर्षीच्या गिऱ्हाइकांना हंगामाची खबर एकदम द्यायची असेल, तर वैध वाट बागायतदारांच्या सहकारी संस्थेने किंवा शेतकरी उत्पादक कंपनीने डीएलटीवर नोंदणी करून, गिऱ्हाइकांची संमती घेऊन, सर्वांच्या वतीने संदेश पाठवण्याची आहे. एकेकट्या बागायतदाराला ती कागदपत्रे जड जातात. संस्थेला जाऊ नयेत.