दोष स्थाननिश्चयन, विद्युत् प्रेषण मार्गांवरील
विद्युत् प्रेषण मार्गावर तार तुटणे, तारेला झाड लागणे किंवा निरोधकावरून ठिणगी जाणे यांमुळे निर्माण झालेल्या दोषाचे उपकेंद्रापासूनचे अंतर मापनाने ठरविणे, यास दोष स्थाननिश्चयन म्हणतात. अचूकता ही अंतरातील चूक भागिले मार्गाची एकूण लांबी अशा शेकडेवारीत सांगतात. 100 किमी. मार्गावर 2% चूक म्हणजे 2 किमी. होय, तेवढ्या टप्प्यातील प्रत्येक मनोरा पायी तपासावा लागतो.

एकोणिसाव्या शतकात तारायंत्राच्या केबलींसाठी व्हीट्स्टन सेतूवर आधारित मरी व व्हार्ली या पद्धती प्रचारात आल्या. त्यांसाठी मार्ग बंद करावा लागतो आणि दोष टिकून असावा लागतो. उघड्या तारांवरील ठिणगी मात्र प्रवाह तोडताच विझते. 1915 मध्ये खोपोलीची वीज सु. 70 किमी. अंतरावरील मुंबईस येऊ लागली. अशा मार्गांवरील दोष शोधण्याचा मुख्य आधार दीर्घकाळ पायी गस्त हाच होता.

1920 नंतरच्या दशकात अंतर अभिचालित्रे प्रचारात आली. विद्युत् दाबास प्रवाहाने भागल्यास मिळणारा संरोध अंतराच्या प्रमाणात असतो, हे त्यांचे तत्त्व होय. तथापि दोषस्थानी जमिनीचा रोध त्यात मिसळतो. कोकणातील जांभ्याचा रोध जास्त असल्याने तेथे ही चूक विशेष जाणवते. दुसऱ्या टोकाकडून येणारा प्रवाह तीत भर घालतो. जपानमधील टाकागी व त्यांचे सहकारी यांनी 1982 मध्ये दोषामुळे प्रवाहात झालेला केवळ बदल विचारात घेऊन ती कमी केली.

यापुढील उपाय दोन्ही टोकांची मापने एकाच क्षणी घेणे हा होता. भारतात जन्मलेले अभियंते अरुण फडके व जेम्स थॉर्प यांच्या प्रयत्नांतून 1988 मध्ये व्हर्जिनिया येथे तसे कालसमक्रमित मापनयंत्र तयार झाले. उपग्रहांच्या कालसंकेतांचा लाभ प्रगामी तरंग पद्धतीलाही झाला. दोषापासून निघालेला तरंग जवळजवळ प्रकाशवेगाने दोन्ही टोकांस पोहोचतो. पोहोचण्याच्या वेळांतील फरकावरून अंतर काढतात. त्या फरकात 1 मायक्रोसेकंदाची चूक झाल्यास स्थान सु. 150 मी. चुकते, म्हणजे दोन मनोऱ्यांमधील अंतरापेक्षाही कमी. चंद्रपूर–पडघे या सु. 750 किमी. लांबीच्या एकदिश मार्गासारख्या ठिकाणी शेकडा एक चूकही साडेसात किमी. होते, म्हणून लांब मार्गांवर ही पद्धत विशेष उपयुक्त ठरते.

देवगडसारख्या किनारी तालुक्यातील वितरण मार्गांचा प्रश्न वेगळा आहे. ते फांद्या फुटत वाड्यांपर्यंत जातात. त्यामुळे एकच अंतर अनेक फांद्यांवर लागू पडते. खाऱ्या वाऱ्याने निरोधकांवर मिठाचा थर बसतो, तर आंब्याच्या बागांतून जाणाऱ्या तारांवर फांद्या पडतात. मे 2021 मधील ‘तौक्ते’ चक्रीवादळात सिंधुदुर्ग जिल्ह्यातील वीजपुरवठा कोलमडला होता. अशा वेळी एकाच मार्गावर अनेक ठिकाणी मोडतोड झालेली असते. यंत्राने दाखविलेले अंतर फार तर त्यांपैकी एका ठिकाणाचे असते; उरलेली ठिकाणे कर्मचाऱ्यांना मार्गावर चालूनच शोधावी लागतात.