कार्डिनल टेट्रा : एका दिवसाने ठरलेले नाव

१/ वनस्पतींनी भरलेल्या काचपेटीत निळ्या-लाल पट्ट्यांचा थवा एकाच क्षणी वळतो. हा कार्डिनल टेट्रा. लांबी जेमतेम ३ ते ४ सेंटिमीटर. पण १९५६ मध्ये याच्या नावाची शर्यत अवघ्या एका दिवसाच्या फरकाने जिंकली गेली.

२/ आरंभ होतो याच्या भाऊबंदापासून, निऑन टेट्रापासून. १९३६ मध्ये मत्स्यशास्त्रज्ञ जॉर्ज मायर्स यांनी त्याला 'इनेसी' हे नाव दिले, ते छंदी मत्स्यपालकांच्या मासिकाचे प्रकाशक विल्यम इनेस यांच्यावरून. पुढे ब्राझीलच्या रिओ नेग्रो खोऱ्यातून त्याहून देखणा मासा आला. निऑनची लाल पट्टी अर्ध्या अंगावर, याची संपूर्ण अंगावर.

३/ २० फेब्रुवारी १९५६ : स्मिथसोनियनचे लिओनार्ड शुल्ट्झ यांनी या माशाला हर्बर्ट अ‍ॅक्सेलरॉड यांचे नाव दिले, तेही अ‍ॅक्सेलरॉड यांच्याच मासिकाच्या पुरवणीत.
२१ फेब्रुवारी : मायर्स आणि स्टॅन्ली वाइट्झमन यांनी त्याच माशाला 'कार्डिनालिस' म्हटले.

४/ प्राणिशास्त्रात आधी प्रसिद्ध झालेले नाव ग्राह्य धरतात. वाद आंतरराष्ट्रीय नामकरण आयोगापुढे गेला आणि १९५७ मध्ये 'अ‍ॅक्सेलरॉडी' कायम झाले. 'कार्डिनल' बोलण्यापुरते उरले.

५/ अशा रीतीने दोन्ही माशांवर अमेरिकी प्रकाशकांची नावे लागली. ज्यांनी ते पकडले, त्यांचे नाव मात्र कोठेच नाही. बार्सेलोस परिसरातील हे मच्छीमार म्हणजे 'पियाबेरो'. 'पियाबा' म्हणजे लहान मासा. पुरात बुडालेल्या जंगलात ते होडीतून हातजाळ्याने मासे धरतात. मासे बोटीने मनाउसला आणि तेथून विमानाने जगभर जातात.

६/ ही लूट नव्हे काय? पाणी ओसरले की असंख्य कार्डिनल डबक्यांत अडकून तसेही मरतात. पुढच्या पुरात संख्या पुन्हा भरून येते. शिवाय मासा जंगलावर जगतो, म्हणून जंगल राखण्यात पियाबेरोंचे हित असते. 'प्रोजेक्ट पियाबा' हा उपक्रम याच विचारावर उभा आहे.

७/ मत्स्यशेतीत पैदास झालेले कार्डिनल बाजारात आले आणि नदीच्या माशाची मागणी घटली. मासेमारी परवडेनाशी झाली, की माणसे उपजीविकेसाठी लाकूडतोड वा खाणकाम यांकडे वळण्याचा धोका असतो.

८/ काचपेटीत या माशाला मऊ, किंचित आम्लधर्मी पाणी, वनस्पतींची सावली आणि किमान ८-१० सोबती लागतात. नदीत हे सारे जंगलच पुरवते : पाण्यात कुजणारी पाने त्याला चहाचा रंग देतात, झाडे सावली धरतात. म्हणून मासा घेताना तो शेतातला की नदीतला, हा प्रश्न त्या जंगलाच्या भवितव्याचाही असतो.