तिसरी प्लेट

परवा माळा आवरताना काकांचं स्क्रेपर सापडलं. लाकडी मूठ, टोकाला चपटं पातं. आतेभावाने विचारलं, "हे कशाचं रे हत्यार?" सांगायला बसलो तर गाडी थेट दोनशे वर्षं मागे गेली. म्हणून हे लिहितोय.

माझं काम कारखान्यांसाठी गॅन्ट्री निवडण्याचं. घरच्यांसाठी सांगतो: दोन बाजूंना दोन रूळ, त्यांवर पुढेमागे सरकणारा आडवा पूल, पुलावर डावी-उजवीकडे जाणारी गाडी आणि त्या गाडीवर खाली-वर होणारं हत्यार. एक्स, वाय, झेड. झाली गॅन्ट्री!

पूर्वी लेथवरचा कारागीर हत्यार हातात धरायचा. १८०० च्या सुमारास लंडनच्या हेन्री मॉड्सलेने ते लोखंडी स्लाइडवर बसवलं आणि स्क्रूने सरकवलं. सरळपणा हातातून लोखंडात गेला. पण मग लोखंड सरळ आहे हे कशावरून ठरवायचं?

त्याच्याच हाताखाली काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थने १८४० साली ग्लासगोला याची रीत मांडली. दोन प्लेट एकमेकींवर घासून जुळवल्या तर त्या सपाट असतीलच असं नाही. एक खोलगट, दुसरी फुगीर, तरी जुळतात! म्हणून प्लेट तीन घ्यायच्या. रंग लावून आलटून पालटून ताडायच्या, उंचवटे स्क्रेपरने खरडायचे. तिन्ही एकमेकींशी जुळल्या की मगच सपाट. काकांनी पिंपरीत उभा जन्म हेच केलं, निळा लावायचा आणि खरडायचं.

पुढे १९५२ साली अमेरिकेत एमआयटीमध्ये पंच केलेल्या पट्टीवरच्या आकड्यांनी मिलिंग मशीनचे तिन्ही अक्ष एकत्र चालवून दाखवले. या सगळ्याची सुरुवात झाली होती जॉन पार्सन्सच्या हेलिकॉप्टरच्या पात्यांपासून. १९७२ साली जपानच्या टीएचके कंपनीने गोळ्यांवर सरकणारा एलएम गाइड आणला. हळूहळू असे रूळ मापाने विकत मिळू लागले आणि बऱ्याच ठिकाणी खरडणाऱ्या हातांची गरज उरली नाही.

मीही तसंच समजत होतो. २००७ साली भोसरीतल्या एका कारखान्यासाठी चार मीटरची गॅन्ट्री निवडली. रुंद ड्रॉवर एकाच बाजूने ओढला की तिरका होऊन अडकतो, तसा पूल अडकू नये म्हणून दोन्ही बाजूंना मोटर घेतली. रूळ उत्तम घेतले. पैसे वाचवले ते खालच्या फ्रेमच्या मशिनिंगमध्ये. पहिला रूळ फ्रेमच्या कडेला टेकवून बसवला आणि दुसरा पहिल्याला समांतर. पूल लोण्यासारखा सरकायचा, पण कापलेल्या पत्र्याची कड किंचित वाकडी यायची. तीन आठवडे मी मोटर आणि प्रोग्रॅममध्ये दोष शोधत बसलो.

शेवटी रिटायर झालेल्या काकांना घेऊन गेलो. त्यांनी मोटरकडे पाहिलंसुद्धा नाही.

"दुसरा रूळ कशावरून लावलास?"

"पहिल्यावरून."

"आणि तिसरं काय ठेवलंस?"

मी गप्प. त्यांनी बारीक तार मागवली, रुळाशेजारी टोकापासून टोकापर्यंत ताणली आणि ठिकठिकाणी अंतर मोजायला लावलं. फ्रेमची कड मध्ये बाहेर आली होती. दोन्ही रूळ एकाच बाजूला वाकलेले, आणि म्हणूनच एकमेकांशी छान जुळलेले!

फ्रेम पुन्हा मशिनिंगला गेली. पैसे गेले, पण काम झालं.

आता कोणी गॅन्ट्रीबद्दल विचारलं की मी आधी फ्रेमचं विचारतो, मग रुळांचं, मोटरचं सगळ्यात शेवटी.

एक गोष्ट मात्र घरात कोणालाच सांगितली नव्हती. त्या कामाच्या रिपोर्टवर "दोष कोणी शोधला" या रकान्यात मी माझं नाव लिहिलं. काकांनी कधी विचारलं नाही, २०१५ साली ते गेले. आतेभावाला फोनवर हत्याराचं नाव सांगितलं, हे सांगायचं राहिलं. तो हे वाचतोच, म्हणून इथे लिहिलं.