मजकूर आणि त्याचा वेष

परभणी जिल्ह्याचें सरकारी संकेतस्थळ राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राच्या ज्या सामायिक योजनेवर उभें आहे, तिच्यावरच देशांतील इतर अनेक जिल्ह्यांचीं स्थळेंही उभीं आहेत. म्हणून मजकूर ज्याचा त्याचा असला तरी चेहरेपट्टी पुष्कळशी सारखी दिसते. मजकूर एका ठिकाणीं आणि त्याचा वेष दुसऱ्या ठिकाणीं, ही सोय आज स्वाभाविक वाटते. परंतु ती आरंभापासून नव्हती.

वेष ठरविणाऱ्या फाइलीस स्टाइलशीट म्हणतात. पूर्वीं रंग, अक्षराचा आकार हें सर्व मजकुरांतच कोंबलेलें असे; शंभर पानांच्या मथळ्यांचा रंग पालटावयाचा तर शंभर पानें उघडावीं लागत. १० ऑक्टोबर १९९४ रोजीं जिनिव्हाजवळच्या सर्न संस्थेंतील हाकोन विउम ली या नॉर्वेच्या तरुणानें आपली योजना मांडली. पुढें हॉलंडचे बर्ट बॉस त्यांस मिळाले, आणि १७ डिसेंबर १९९६ रोजीं ‘सीएसएस’चें पहिलें प्रमाण ठरलें.

लींच्या मूळ मसुद्यांत एक मौज होती. अक्षर केवढें असावें याविषयीं लेखकाचें मत शेंकडा किती आणि वाचकाचें किती, असा वजनाचा हिशेब त्यांनीं योजिला होता! हिशेब टिकला नाहीं. प्रश्न मात्र टिकला. १९९६ च्या प्रमाणांत दोघांनींही आपला नियम ‘महत्त्वाचा’ म्हणून ठरविला, तर लेखकाचा चाले. १२ मे १९९८ च्या दुसऱ्या प्रमाणानें तो मान वाचकास दिला. मंद दृष्टीच्या माणसाचा मोठें अक्षर मागण्याचा हक्क त्यामुळें लेखकाच्या मर्जीवर राहिला नाहीं. माझ्या मतें या इतिहासांतील सर्वांत मोठा न्याय तो हाच.

पुढें फाइली हजारों ओळींच्या झाल्या. एक नियम दुसऱ्यास खोडी, म्हणून तिसरा अधिक जोराचा लिहावा लागे. निकोल सुलिव्हन यांनीं २००९ च्या सुमारास पुन्हां पुन्हां वापरतां येतील असे सुटे भाग करावयास सांगितलें. रशियांतील यांडेक्स कंपनीनें प्रत्येक भागाच्या नांवांतच त्याचें कूळ गोंविलें, जसें आपल्याकडे नांवापुढें वडिलांचें नांव व आडनांव येतें. जोनाथन स्नूक यांनीं २०११ मध्यें नियमांचे वर्ग पाडले. २०२२ मध्यें प्रमुख ब्राउझरांत थरांची सोय आली, आणि कोणता थर वरचढ हें आधींच सांगतां येऊं लागलें. मला हीच रीत सरळ वाटते.

श्रोतेहो, हा प्रश्न आपल्या लिपीपाशीं अधिकच जाणवतो. रोमन अक्षरांच्या संवयीनें अक्षरांत अंतर वाढविलें तर देवनागरीची शिरोरेषा तुटते. ओळी जवळ आणल्या तर वरच्या ओळींतील ‘पूर्णा’चा ऊकार खालच्या ‘जिंतूर’च्या वेलांटीवर आणि अनुस्वारावर आदळतो. मोठ्या लिपीचा नियम तर आपल्याकडे निरर्थकच. तोड जुनीच आहे: १९९८ च्या त्याच प्रमाणांत भाषेनुसार नियम लावण्याची सोय झाली. पान मराठी आहे असें आरंभींच नोंदवावें, आणि मराठीचे सारे नियम एका स्वतंत्र थरांत ठेवावे. ते चाळीस ठिकाणीं विखुरले, तर साचा बदलतांना त्यांतील दोनचार हटकून राहून जातात. सामायिक साच्यांत तीच दुरुस्ती एकदां केली, कीं ती परभणीप्रमाणेंच, १ मे १९९९ रोजीं तिच्यांतून वेगळ्या झालेल्या हिंगोलीच्या पानासही लागूं शकते.