तेरच्या गोरोबाकाकांची कथा: रचना, आण आणि क्षमा

धाराशिव तालुक्यात तेरणा नदीच्या काठी वसलेले तेर हे गाव प्राचीन व्यापाराच्या इतिहासात तगर या नावाने, तर वारकरी वाङ्मयात तेरढोकी या नावाने ओळखले जाते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक सागरी मार्गदर्शिकेत पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर असल्याचे म्हटले असून, तेथील जाडेभरडे कापड आणि मलमल गाड्यांतून भडोचच्या बंदराकडे जात असल्याची नोंद आहे. पुढे शिलाहार राजे कोकणात राज्य करीत असतानाही ‘तगरपुरवराधीश्वर’ हे बिरुद मिरवीत राहिले. सातवाहनकाळात दोन साच्यांत घडवलेल्या भाजक्या मातीच्या आणि केओलिन या पांढऱ्या मातीच्या मूर्ती येथे सापडल्या, त्यांतल्या अनेक गावातील रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात आहेत, आणि त्रिविक्रमाचे प्राचीन मंदिरही विटांचेच आहे. मातीच्या कामाचा एवढा जुना वारसा असलेले हे गाव सामान्य मराठी माणसाला मात्र माहीत आहे ते एका कुंभाराच्या अंगणात झालेल्या अपघातामुळे, आणि त्या अपघाताने मोडलेले घर पुन्हा कसे सांधले गेले याच्या कथेमुळे.

हा कुंभार म्हणजे संत गोरोबा. परंपरेनुसार त्यांचा काळ 1267 ते 1317 असा मानला जातो, ज्ञानेश्वर-नामदेवांच्या मेळ्यात ते वयाने वडील असल्यामुळे सर्व संत त्यांना ‘काका’ म्हणत, आणि शके 1239 च्या चैत्र वद्य त्रयोदशीला त्यांनी तेर येथे समाधी घेतली असे सांगितले जाते. त्यांच्या नावावर आज जेमतेम वीसेक अभंग मिळतात. हे अभंग बहुतांशी निर्गुणाच्या अनुभवाविषयी आहेत, त्यांतले काही थेट नामदेवांना उद्देशून आहेत, आणि कवी आपल्या नामाबरोबर आपला व्यवसायही शेवटच्या चरणात नोंदवतो. तुडवलेले मूल, रुसलेली बायको किंवा तुटलेले हात यांचा आधार घेऊन मात्र हे अभंग उभे नाहीत. ज्या माणसाच्या कुटुंबाची कथा महाराष्ट्रभर सांगितली गेली, त्याची स्वतःची कविता त्या कुटुंबाविषयी मौन पाळते, ही गोष्ट अभ्यासकाने सुरुवातीलाच लक्षात घ्यावी, कारण त्यामुळे क्षमेची कथा कोणी आणि कोणत्या छंदात रचली हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

कथेचे सर्वांत परिचित रूप महिपतीबोवा ताहराबादकर यांच्या ‘भक्तविजय’ या 1762 साली पूर्ण झालेल्या ओवीबद्ध संतचरित्रग्रंथात आहे. म्हणजे गोरोबांच्या समाधीनंतर सुमारे साडेचारशे वर्षांनी हा ग्रंथ आला, आणि त्यासाठी नाभाजी व उद्धवचिद्घन या पूर्वसूरींचा आधार घेतल्याचे महिपती स्वतःच सांगतात. प्रचलित कथा अशी: गोरोबा माती तुडवीत नामस्मरणात तल्लीन झालेले असताना पाण्याला गेलेल्या त्यांच्या बायकोचे, संतीचे, रांगते मूल चिखलात येते आणि त्यांच्या पायांखाली चिरडले जाते, परतलेली संती आकांत करते, भजन मोडल्याने संतापलेले गोरोबा तिच्या अंगावर धावून जातात, आणि ती त्यांना विठोबाची आण घालते की मला स्पर्श करू नका. गोरोबा ही आण शब्दशः पाळतात. वंश खुंटेल या चिंतेने संती आपली धाकटी बहीण रामी हिच्याशी त्यांचे लग्न लावून देते, परंतु सासरा निरोप देताना दोघींना सारखेच वागवण्याची शपथ घालतो, त्यामुळे रामीही अस्पर्शच राहते. एका रात्री दोघी झोपेत असलेल्या नवऱ्याचे हात आपल्या अंगावर ओढून घेतात, आणि जागे होताच गोरोबा आण मोडणारे ते हात तोडून टाकतात. अखेर पंढरपुरात नामदेवांच्या कीर्तनात, सर्वांनी हात उंचावून टाळी वाजवावी असे सांगितले जात असताना, गोरोबांच्या थोट्या बाहूंना हात फुटतात, हरवलेले मूल रांगत आईकडे येते, आणि विठोबाच्याच दारी दोघी बायका आणेतून मोकळ्या होतात.

या कथेत प्रत्येक घटनेला तिची जोडी आहे. पायांनी केलेल्या घाताची फेड हातांनी होते, एका आणेवर दुसरी आण येते, बायकांनी ओढलेले हात नवरा तोडतो आणि देव परत देतो, चिखलात गेलेले मूल पंढरपुरात सापडते. अशा रचनेला वर्तुळरचना म्हणता येईल, म्हणजे कथा ज्या क्रमाने गाठी मारते त्याच्या उलट क्रमाने त्या सोडवीत परत येते. शेवटची गाठ संतीच्या आणेची आहे, आणि माणसांनी मारलेल्या गाठींत ती पहिली असल्यामुळे सर्वांत शेवटी सुटते. संतीने नवऱ्याला माफ केले किंवा नवऱ्याने तिच्यासमोर अपराध कबूल केला असा प्रसंग या कथेत नाही. क्षमा कोणाच्याही तोंडी येत नाही, ती घटनांच्या क्रमात बसवलेली आहे. क्रम बदलला, मूल आधी परतले आणि हात नंतर आले, तर तेच प्रसंग निव्वळ चमत्काराची कथा होतील.

येथे छंदाचाही वाटा आहे. ग्रंथासाठी वापरली जाणारी ओवी साधारणतः चार चरणांची असते, पहिल्या तीन चरणांच्या अखेरीस यमक जुळते आणि चौथा चरण बिनयमकाचा, बऱ्याचदा तोकडा असतो. अक्षरसंख्येचे बंधन सैल असल्याने कथाकाराला हवे तेवढे सामावता येते, पण चौथा चरण प्रत्येक वेळी यमकाची ओढ तोडतो आणि ऐकणाऱ्याला पुढच्या ओवीकडे लोटतो. संतीच्या आकांतासारखा प्रसंग या छंदात फार काळ रेंगाळू शकत नाही. शोक आहे तो तीन चरणांत दाटतो आणि चौथ्यात कथा चालू लागते. याउलट मोठा अभंग सहा, सहा, सहा आणि चार अशा बावीस अक्षरांच्या मापाने चालतो, दुसऱ्या-तिसऱ्या चरणात यमक जुळवतो, आणि गाताना ध्रुपदाकडे, म्हणजे पुन्हा पुन्हा म्हणायच्या कडव्याकडे, परत येतो. ओवी पुढे नेते आणि अभंग परत आणतो. कुटुंबातील आघाताचे कथन ओवीने केले नसते, तर ते विलापगीत होऊन थांबले असते, असे म्हणण्यास जागा आहे.

ध्रुपदाने क्षमा कशी मागता येते, याचे सर्वांत ठळक उदाहरण याच संतमेळ्यात आहे. लोकांच्या निंदेने व्यथित होऊन ज्ञानेश्वरांनी झोपडीचे दार लावून घेतले, तेव्हा धाकटी बहीण मुक्ताबाई हिने त्यांना उद्देशून म्हटलेले ‘ताटीचे अभंग’ (ताटी म्हणजे कुडाचे दार) प्रसिद्ध आहेत. त्यांत प्रत्येक अभंग निराळा मुद्दा मांडतो, कधी संताची लक्षणे, कधी जगाचा स्वभाव, आणि अखेरीस दार उघडण्याची तीच विनवणी पुन्हा येते. युक्तिवाद बदलतो, विनवणी बदलत नाही. रुसलेल्या माणसाला एका दमात पटत नाही हे बहिणीला ठाऊक असल्यासारखी ती रचना आहे. गोरोबांच्या घरात असे ध्रुपद होणे शक्यच नव्हते, कारण तेथे दोघांच्या मध्ये नुसता राग नव्हता, आण होती, आणि आण विनवणीने सुटत नाही.

या मुद्द्याला सामाजिक इतिहासाची बाजू आहे. आजच्यासारखी न्यायालये नव्हती त्या काळात गावच्या गोतसभेपुढे, म्हणजे वतनदार आणि बलुतेदार यांच्या पंचसभेपुढे, वाद आला की देवाची शपथ आणि प्रसंगी दिव्य, म्हणजे उकळत्या तेलातून वस्तू काढण्यासारखी परीक्षा, हा पुरावा मानला जाई. देवाच्या नावाने घेतलेली शपथ दोन माणसांमधील करार उरत नसे, त्यात देव तिसरा पक्ष असे, त्यामुळे दोघांनी आपसांत मिटवून ती रद्द होत नसे. संतीने रागाच्या भरात जी आण घातली ती तिला स्वतःलाही मागे घेता आली नाही, ही गोष्ट आजच्या वाचकाला अतिशयोक्त वाटते, परंतु अठराव्या शतकातील श्रोत्याला तीत काहीच नवल वाटले नसावे. सासऱ्याची शपथ तर आणखी कठोर आहे: मुलींच्या हिताची म्हणून घातलेली ती अट दोघींनाही वंचित ठेवते. कथाकाराने नात्यांच्या या कायद्याची कडवट बाजू पाहिली होती, आणि ती उपरोधाने नव्हे, तर केवळ मांडणीने दाखवली, याचे श्रेय त्याला द्यायला हवे.

कथा ज्या रूपात शतकानुशतके ऐकली गेली ते रूप कीर्तनाचे आहे. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात तत्त्वाचे निरूपण आणि उत्तररंगात आख्यान असते. वारकरी कीर्तनात एकच अभंग घेऊन त्याच्या एकेका चरणाचे विवरण होते, दाखल्यादाखल चरित्रे येतात, आणि टाळकरी मधूनमधून ध्रुपद उचलून धरतात. दोन्ही प्रकारांत गोरोबांच्या कथेच्या परमोच्च क्षणी कीर्तनकार श्रोत्यांना टाळी वाजवायला लावू शकतो, आणि तेव्हा कथेतील पंढरपूरचे श्रोते आणि समोर बसलेले श्रोते यांच्यात अंतर राहत नाही. हात फुटण्याचा चमत्कार सांगितला जात असतानाच शेकडो हात वर गेलेले असतात. मूळ अपघात माती तुडवण्याच्या लयीत झाला होता, कारण कुंभाराची माती भिजवून, लीद किंवा राख मिसळून, बराच वेळ पायांनी सारखी मळावी लागते, आणि भजनाचा ताल त्या पायांना सहज मिळतो. त्या पायांच्या तालाने जे नेले ते हातांच्या तालाने परत येते. ही जुळणी कागदावर वाचताना निसटते, कीर्तनात ती निसटू शकत नाही.

नामदेव आणि गोरोबा यांच्यातील दुसरा प्रसंगही याच रचनेच्या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. संतांचा मेळा जमलेला असताना मुक्ताबाईच्या सुचवण्यावरून गोरोबांनी मडके ठोकून पारखण्याचे थापटणे घेतले आणि प्रत्येकाच्या डोक्यावर हळूच मारून पाहिले, तेव्हा नामदेव चिडले, त्यांना ‘कच्चे मडके’ ठरवण्यात आले, आणि त्यांनी पुढे विसोबा खेचरांना गुरू केले, अशी ही कथा आहे. कीर्तनकाराने थापटण्याचा प्रसंग आधी घेतला, तर ज्याला कच्चे म्हटले त्याच्याच कीर्तनात गोरोबांना हात मिळतात, आणि नामदेवांची क्षमाशीलता न सांगता दिसते. तोच प्रसंग नंतर घेतला, तर नामदेवांच्या कीर्तनात मिळालेले हातच त्यांच्या डोक्यावर थापटणे मारतात, आणि कथेचा विषय क्षमेऐवजी निःस्पृह पारख हा होतो. प्रसंग तेच राहूनही केवळ क्रमाने अर्थ फिरतो याचे इतके स्वच्छ उदाहरण मराठी संतचरित्रांत क्वचितच सापडेल.

तेरची ही कथा पुढे मराठीच्या बाहेरही गेली. 1948 साली तमिळमध्ये ‘चक्रधारी’ आणि 1974 साली कन्नडमध्ये राजकुमार यांची भूमिका असलेला ‘भक्त कुंभार’ हे चित्रपट निघाले, तर मराठी रंगभूमीवर अशोकजी परांजपे यांचे ‘गोरा कुंभार’ हे संगीत नाटक जितेंद्र अभिषेकी यांच्या संगीतासह गाजले. रंगमंच आणि पडदा या दोन्ही माध्यमांना अपघात डोळ्यांपुढे उभा करावा लागतो, त्यामुळे तेथे संतीचा शोक ओवीतल्यापेक्षा मोठा होतो आणि क्षमेवरचा भारही वाढतो.

या वर्तुळात एकच व्यक्ती नीट बसत नाही, ती म्हणजे रामी. गोरोबांना हात परत मिळतात, संतीला मूल आणि नवरा परत मिळतो, नामदेवांचे कीर्तन सार्थ होते. या सर्वांना जे मिळते ते आधी गमावलेले असते. रामी कथेत मध्येच आली, तिने काही गमावले नव्हते कारण तिला काही मिळालेलेच नव्हते, आणि तिच्यावरची आणही तिची नव्हती, वडिलांची होती. म्हणून अखेरीस ती आण सुटते तेव्हा रामीच्या बाबतीत काहीही परत येत नाही, तिचा संसार तेथून पहिल्यांदा सुरू होतो. परतफेडीवर उभ्या असलेल्या रचनेत अशा पात्रासाठी जागा नसते, आणि प्रचलित आख्यान तिला एखाद-दुसऱ्या वाक्यात संतीच्या बरोबरीने उरकते ते बहुधा याच कारणाने.