पंचनाम्यातला नवसागर

जालना जिल्ह्यातल्या हातभट्टीवरच्या छाप्यांच्या बातम्यांत मला तीन शब्द हमखास भेटतात: गूळ, नवसागर, रसायन. रसायन म्हणजे आंबत ठेवलेलं गुळाचं पाणी. गुळात साखर भरपूर, पण यीस्टला वाढायला लागणारा नायट्रोजन कमी. त्यामुळे आंबणं रेंगाळतं. नवसागर, म्हणजे अमोनियम क्लोराइड, ही उणीव भरून काढतो. घरी बीअर करणारे आज अडलेल्या आंबवणाला अमोनियम फॉस्फेट देतात, तेही याचसाठी. साखर, यीस्टची राख आणि अमोनियाचा क्षार एवढ्यावर यीस्ट वाढतं, हे लुई पाश्चरनं 1860मध्ये मांडलं. त्याची नोंद विज्ञानाच्या इतिहासात झाली. हातभट्टीनं घरं उद्ध्वस्त केली, हे खरंच. पण तिच्यामागची जाण मला भेटते ती जप्त मुद्देमालाच्या यादीतच.